घटपर्णी आणि बीकर नावाचा बोका

घटपर्णी मांजर खात नाही, हे करुणाला ठाऊक होतं. ती ग्रंथपाल होती, आणि ज्या गोष्टी चारचौघांना ठाऊक नसतात त्या ठाऊक असणं हे तिच्या नोकरीतच धरलेलं होतं. घटपर्णी मुंगी खाते, माशी खाते, फार तर एखादं चुकार झुरळ. पाच किलोचा बोका तिच्या पानाच्या टोकाला लटकणाऱ्या तीन बोटांएवढ्या सुरईत मावत नाही, हे समजायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, मोजपट्टी पुरते. पण दौंडमधल्या ज्या तीन मजली इमारतीत करुणा राहत होती तिथे मोजपट्टी कोणी वापरत नसे. तिथे सगळा कारभार अंदाजाने आणि जिन्यात उभं राहून चाले.

झाड आणि बोका, दोघांना तिनं शिरूरहून एकाच खेपेत आणलं होतं. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते, आबांना, म्हणजे तिच्या वडिलांना, जाऊन दोन. शिरूरच्या भाड्याच्या खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्यायच्या होत्या. भांडी, पलंग, पुस्तकं सम्राटनं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं, टेम्पोत घालून चाकणला नेली. जिवंत असे दोनच जण उरले, आणि टेम्पोत दोघेही बसायला तयार नव्हते. बीकर चाकाखाली जाऊन बसला. घटपर्णीचं म्हणणं कळलं नाही, पण तिच्या सुरया टेम्पोच्या पहिल्याच हादऱ्याला अशा काही डुलल्या की करुणानं कुंडी उतरवून घेतली आणि एसटी धरली.

मांडीवर कुंडी, पायाशी वेताच्या करंडीत बोका. कंडक्टर दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"ह्ये काय हाय ताई? दोडका?"

"झाड आहे. किडे खातं."

"आन् करंडीत?"

"बोका."

कंडक्टरनं तिकिटाचं यंत्र खाली केलं. "मग ह्यास्नी एका शिटावर कशाला बसवलं?"

तिथून पुढे न्हावऱ्यापर्यंत बसमध्ये दुसरा विषय निघाला नाही. मागच्या सीटवरच्या एका आजोबांनी सुरईत डोकावून पाहिलं आणि आपल्याकडे असं झाड असतं तर शेळी बाहेर बांधलीच नसती, असं जाहीर केलं. एका बाईनं ह्याची भाजी कशी करतात ते विचारलं. मग पारगावला भीमेचा पूल आला, पलीकडच्या गुऱ्हाळांचा गोड, जड वास खिडकीतून आत शिरला, आणि एकेक करून सगळी बस पेंगायला लागली. बीकर पेंगला. करुणाला मात्र डोळा लागला नाही. तिनं जवळच्या सुरईत पाहिलं. तळाशी चमचाभर पाणी होतं आणि त्या पाण्यात आभाळाचा एक तुकडा, बसबरोबर हलणारा. असं वाटत होतं की आपण दौंडला नव्हे, त्या चमचाभर पाण्याच्या तळाला निघालो आहोत, आणि तिथे पोचायला फार वेळ लागणार आहे, आणि त्याची घाई कोणालाच नाही.

आबा, म्हणजे मच्छिंद्र, शिरूरच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. माणूस निवृत्त होतो, पण लेबलं लावायची सवय निवृत्त होत नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बरणीवर 'मीठ. ही साखर नव्हे' असं लिहिलेलं होतं. दारावर 'ओढा' असं होतं. पावसाळ्यात त्यांनी गच्चीवर पाणी धरून पाच कॅन भरून ठेवले होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी होती : 'पाऊस, १४ ऑगस्ट', 'पाऊस, २ सप्टेंबर'. घटपर्णीला नळाचं पाणी चालत नाही, ती त्यातल्या क्षारांनी जळते. ते कॅन आणि आबांची लेबलांची पेटी सम्राट मागाहून दौंडला पोचवून गेला. घरात लेबल नसलेली गोष्ट एकच, ती म्हणजे बीकर. त्याच्याबद्दल बहुधा आबांना खात्रीनं लिहिण्यासारखं काही सापडलं नसावं. अकरा वर्षांचा होता, पण अजून निरीक्षण चालू होतं.

कुंडीवरही पट्टी होती. पण पाणी सांडून सांडून तिच्यावरची शाई पसरली होती. 'पाणी फक्त पावसाचे' एवढं स्वच्छ वाचता येई. खालच्या ओळीतला पहिला शब्द गेला होता आणि 'घालू नये' तेवढं उरलं होतं. काय घालू नये, यावर इमारतीत पुढे बरीच मतं निघाली.

पहिलं मत शंकररावांचं. शंकरराव रेल्वेच्या माल कचेरीतून निवृत्त झालेले, इमारतीचे अध्यक्ष, तळमजल्याला राहणारे. कुंडी जिन्यातून वर जाताना त्यांनी अडवली, चष्मा कपाळावर चढवून पट्टी वाचली आणि म्हणाले, "हात. दुसरं काय? हात घालू नये असंच असणार. मॅडम, अशी वस्तू सोसायटीत आणायच्या आधी अर्ज द्यायचा असतो."

"काका, झाड आहे ते."

"झाडाला तोंड असतं का?"

करुणा कुंडी घेऊन वर चढली.

दुसऱ्या मजल्यावर तिच्या समोरच पार्वतीबाई राहत. सत्तरीच्या, माहेर खुटबावचं, आवाज भरीव, हात कायम कशाला ना कशाला लागलेले. त्यांनी दार उघडून "जयभीम गं पोरी" म्हटलं, झाड पाहिलं, बोका पाहिला, करुणाचा चेहरा पाहिला, आणि मत वगैरे काही न देता आत जाऊन भाकरी थापायला घेतली. घरात मरण झालं की शेजारानं त्या घराला घास द्यायचा, हे त्यांच्या माहेरी फार कसोशीनं पाळत. आठ दिवस, दहा दिवस. पार्वतीबाईंनी मुदत अशी घातलीच नाही.

"ज्या दिशी डबा रिकामा यील त्या दिशी थांबीन," त्या म्हणाल्या.

डबा रिकामा कधी गेलाच नाही. रोज सकाळी नऊला डबा येई, करुणा आत काय आहे ते न बघताच दोन घास खाई, उरलेला डबा ओट्यावर ठेवून लायब्ररीत निघून जाई. किल्ली पार्वतीबाईंकडे असे. दुपारी त्या येऊन डबा घेऊन जात, आणि जाता जाता झाडाला, बोक्याला, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना, सगळ्यांना एक नजर घालून जात. डबा हातात घेतला की त्या आधी कानाशी धरून हलवीत. आत किती उरलंय ते त्यांना आवाजावरून कळे. रोज कळे आणि रोज त्या काही बोलत नसत.

पहिले काही आठवडे अगदी शांततेत गेले, ज्याची नोंद कोणी घेतली नाही, कारण शांततेची नोंद घेण्याची पद्धत नाही. कुंडी खालच्या ताटलीसकट पूर्वेच्या खिडकीत शिंक्यात टांगलेली, खाली कठड्यावर बीकर झोपलेला. दौंडची थंडी कोरडी, ऊन पातळ. स्टेशनावरची घोषणा वाऱ्याबरोबर अर्धीच ऐकू येई, गाडी कुठली ते कळायच्या आतच विरून जाई. त्या उन्हात सुरयांचे काठ तांबूस दिसत. एका पानाच्या टोकाला नवी सुरई धरत होती. तिचं झाकण अजून मिटलेलं होतं. ऑक्टोबरात आबांनी ती दाखवली होती, तेव्हा ती मुगाएवढी होती. "ही उघडेल बघ, थंडीत," ते म्हणाले होते. आता ती करंगळीएवढी झाली होती. करुणा रोज सकाळी तिचं झाकण पाही. या थंडीत वाट पाहण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे, एवढंच तिच्या मनात असे, पण हे ती कोणाजवळ बोलली नाही. बोलायला आणखी मोठं काही तिच्याजवळ होतं, आणि तेही ती बोलत नव्हती.

सम्राट मात्र फोनवर रोज बोले. त्यानं कुठून तरी उंदीर गिळणाऱ्या झाडाचा व्हिडिओ पाठवला.

"ताई, बघितलंस का?"

"बघितला. तो उंदीर आपला आपण पडलाय. म्हातारा दिसत होता."

"बीकर पण म्हाताराच हाय."

"बीकर पाच किलोचा आहे."

"वरवंडला माझ्या मित्राचं गोडाऊन हाय. हायवेला. उंदीर लई. बीकर तिथं मजेत राहील. विचार कर."

करुणानं विचार केला. अकरा वर्षं आबांच्या पायाशी झोपलेला बोका पुणे-सोलापूर हायवेच्या कडेला उभा आहे आणि ट्रकांकडे बघतो आहे, असं चित्र तिच्यासमोर आलं. तिनं फोन ठेवला.

आणि मग जानेवारीत एका रविवारी दुपारी ते घडलं. ती खिडकीशी खुर्चीत पुस्तक घेऊन बसली होती. ऊन मांडीवर आलं, अक्षरं विरघळायला लागली. तिला स्वप्न पडलं. सगळी इमारत प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन घटपर्णीच्या सुरईत सभेला उतरत होती. शंकरराव काठावर उभे राहून "चपला बाहेर, चपला बाहेर" करत होते. तळाला चौदा ऑगस्टचा पाऊस साचला होता, गुडघाभर, कोमट, आणि त्यात खुर्च्या हळूहळू तरंगत होत्या. बसलेल्या कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. वर झाकणापाशी आबा उभे होते. त्यांच्या हातात एक लिहिलेलं लेबल होतं आणि ते डिंकाची बाटली शोधत होते. बाटली कुठे आहे ते करुणाला माहीत होतं. ती सांगणार एवढ्यात जाग आली.

समोर कठड्यावर बीकर मागच्या दोन पायांवर उभा होता. त्याच्या तोंडात न उघडलेली सुरई होती. आणखी दोन सुरयांचेही काठ फाडलेले होते. त्यानं करुणाकडे पाहिलं, नीट चावलं, गिळलं, आणि दहा मिनिटांनी तिच्या पुस्तकावर ओकला.

माणसानं अशा वेळी धीर धरावा, असं तिनं पुष्कळ ठिकाणी वाचलेलं होतं. तिनं करंडी उचलली आणि रिक्षा केली.

गावाबाहेर जनावरांचा एक दवाखाना होता. तिथे गाई, म्हशी आणि एक आजारी एडका रांगेत उभे होते. कंपाउंडरनं केसपेपर पुढे ओढला.

"जनावर?"

"बोका."

"दुभतं का भाकड?"

"बोका आहे तो."

"मग भाकड लिवतो. इजा कशानं झाली? बैलानं मारलं, साप चावला, वीज पडली…"

"यानं झाड खाल्लं. किडे खाणारं झाड."

कंपाउंडरनं बराच वेळ रकाने चाळले आणि शेवटी 'आपसांत मारामारी' या रकान्यापुढे खूण केली.

डॉक्टर सत्यजीत तरुण होते, तळेगाव ढमढेऱ्याचे. त्यांनी बीकरचं पोट दाबलं, जीभ पाहिली, हिरड्या पाहिल्या. "मी म्हशींचा डॉक्टर, मॅडम. पण घटपर्णी विषारी नाही, एवढं सांगतो. हिच्यानं मांजराला फार तर उलटी होईल, तीही पान पचत नाही म्हणून. कुंडीत खत घातलंय? कीटकनाशक मारलंय?"

"नाही."

"मग झालं. खरा धोका झाडाला आहे, ह्याला नाही." त्यांनी बीकरच्या तोंडाशी नाक नेलं. "ह्यानं सुकट खाल्ली का?"

"माझ्या घरी सुकट नाही," करुणा ताठ होऊन म्हणाली. मिठाच्या बरणीवर 'ही साखर नव्हे' असं लिहिणाऱ्या माणसाची ती मुलगी होती. आपल्या घरात काय आहे ते तिला माहीत होतं.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. "पाणी द्या, आज उपाशी ठेवा. काही होत नाही त्याला."

एवढ्यावर हे प्रकरण मिटायला हवं होतं. पण कंपाउंडर शंकररावांच्या मेहुण्याच्या ओळखीचा निघाला, आणि संध्याकाळी जिन्यात झाडानं बोक्यावर हल्ला केल्याची बातमी पोचली. बोक्यानं झाड खाल्लं, हे करुणानं तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यानं मान डोलावली आणि पुढच्या पायरीवर गोष्ट उलटी सांगितली.

पुढच्या चार दिवसांत बीकरनं आणखी दोनदा झाडावर झडप घातली. करुणानं कुंडी आणखी वर टांगली, तो कपाटावरून आला. कपाट सरकवलं, तो पडद्यावरून आला. जो प्राणी आठ आठवडे त्या झाडाखाली उशी असल्यासारखा झोपला, त्याला अचानक काय झालं ते कळेना. खायचं तर पान खावं, तो सुरईतच तोंड खुपसत होता. शेजाऱ्यांचे सल्ले आले : कुंडीत लिंबाची सालं ठेवा, मिरीपूड टाका, बोक्याला आरसा दाखवा. पहिल्या मजल्यावरच्यांनी दोघांची दृष्ट काढायला सांगितलं, आधी कोणाची ते मात्र त्यांच्यात ठरेना.

गुरुवारी शंकरराव वर आले. खुर्चीत न बसता उभे राहिले, म्हणजे काम औपचारिक होतं.

"मॅडम, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण सोसायटीचं म्हणणं पडलं की ह्ये दोघं एका घरात न्हाई चालायचे. आज मांजर हाय, उद्या कुणाचं बोट जाईल. रविवारपर्यंत एक तर दोघांतलं एक हलवा. न्हाई तर कागद आणा. काही धोका न्हाई असा. सही, तारीख, शिक्का. मंग आपलं काही म्हणणं न्हाई."

करुणानं कागदासाठी शुक्रवारची रजा घालवली. डॉक्टर म्हणाले, मी जनावराचा दाखला देतो, झाडाचा कसा देऊ. शेतीच्या कचेरीत विचारलं की हे सातबाऱ्यावर आहे का. नाही म्हटल्यावर मग ते पीक नव्हे, असा निकाल मिळाला. वनखात्यात एका सभ्य गृहस्थांनी चहा पाजला आणि कुंडीतलं झाड वनात मोडत नाही, हे फार हळुवारपणे समजावून सांगितलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बीकर दारात बसला होता आणि घटपर्णीची एकच सुरई शाबूत राहिली होती.

आबांनी मागे ठेवलेले जीव दोनच, आणि त्यांतला एक निवडायचा होता. बोका हायवेवर, नाही तर झाड परत कॉलेजात, जिथून ते आलं होतं. बोका पुन्हा मिळत नाही, असं तिनं ठरवलं. झाडही मिळत नाही, पण ते ती ठरवताना मोठ्यानं म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी ती शिरूरला गेली. झाड नेलं नाही. आधी अर्ज, मग वस्तू, एवढं कॉलेज तिला ठाऊक होतं. कचेरीत हौशीराम भाऊसाहेब बसले होते, आबांच्या बरोबर काम केलेले, निवृत्तीला सहा महिने राहिलेले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि कपाटाच्या तळातून एक लांबट रजिस्टर काढून धूळ झटकली.

"ह्ये बघा मॅडम. घटपर्णी, कुंडीसह, एक नग. सहा वर्षांपूर्वी निर्लेखन झालंय, म्हंजी यादीतनं उडवलंय. शेरा : मृत." त्यांनी बोट त्या शब्दावर ठेवलं. "जे मेलंय ते जमा कसं करून घिऊ?"

"पण ते जिवंत आहे, भाऊसाहेब."

"आसंल. पण कागदावर न्हाई. आन् आता घेतलं, तर ह्ये आलं कुठनं म्हणून विचारत्याल. मी काय सांगू, परत आलं म्हणू?"

करुणानं वाकून पाहिलं. शेरा आबांच्या अक्षरात होता. गोल 'म', त्याखाली ऋकाराची बारीक शेपटी, 'त'चा पाय सरळ. खाली सही.

हौशीराम भाऊसाहेब हलक्या आवाजात बोलायला लागले. "नवीन बिल्डिंगीत जाताना जुनी झाडं टाकायची ठरली. मच्छिंद्र तीन दिवस बोलला न्हाई कुणाशी. चवथ्या दिशी आला, ह्ये लिव्हलं, सही केली, आन् कुंडी पिशवीत घालून घरी घिऊन गेला. मी बघितलं, पर मी काय बोललो न्हाई. बत्तीस वर्षांत त्यानं खोटं लिव्हलं ते एवढंच."

नोव्हेंबरात नगरपालिकेतून करुणानं एक दाखला आणला होता. त्यावरही हाच शब्द होता, छापलेला. तिनं तेव्हा स्पेलिंग, तारीख, वय सगळं तपासलं होतं, कागदाची चौघडी घातली होती आणि पिशवीत ठेवून लायब्ररीत कामाला गेली होती. आता आबांच्या स्वतःच्या हातचा तोच शब्द समोर होता, आणि तो खोटा होता. अगदी उघड, सहीनिशी खोटा. तिला इतकं बरं वाटलं की भाऊसाहेबांना वाटलं, बाईंना चक्कर येतेय. त्यांनी पाणी मागवलं.

"नको," ती म्हणाली. "अर्ज परत द्या. झाड मी ठेवते."

"मग बोका?"

"बोकाही ठेवते."

ठेवते म्हणायला सोपं होतं. परतीच्या बसमध्ये तिनं खूप विचार केला आणि तिला काहीच सुचलं नाही. गुऱ्हाळाचा वास आला, पूल आला, उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रेंगाळली, आणि भीमेच्या पाण्यावरचं ऊन तिच्याबरोबर बराच वेळ चालत राहिलं. सोसायटीचा रविवार उद्यावर आला होता.

संध्याकाळी येते म्हणून गेलेली ती दुपारी तीनलाच घरी पोचली. दार लोटलेलं होतं. आत खिडकीशी पार्वतीबाई स्टुलावर उभ्या होत्या. एका हातात सकाळचा डबा, दुसऱ्या हाताच्या चिमटीत एक सुकट. ती त्यांनी हलकेच शाबूत सुरईत सोडली. खाली बीकर मान वर करून, शेपटी पायांभोवती गुंडाळून, पंगतीला बसल्यासारखा बसला होता.

"खा गं बाई," पार्वतीबाई झाडाला म्हणत होत्या. "एवढी दोन खा. मालकीण तर खाईना, तू तरी खा."

"मावशी."

पार्वतीबाई दचकल्या, स्टूल हललं, आणि बीकरनं ती संधी साधली. तो सरळ कुंडीवर गेला. पार्वतीबाई खाली आल्या, त्या पायांवर आल्या हे नशीब. कुंडी खाली आली. ती मात्र पायांवर आली नाही.

आवाज ऐकून शंकरराव दोन मजले चढून आले तेव्हा जमिनीवर मॉस, माती, सुकट आणि चौदा ऑगस्टचा पाऊस पसरला होता आणि मधोमध बीकर जेवत होता.

"किती दिवस झाले हे, मावशी?" करुणानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"झाले की पंधरा दिस." पार्वतीबाईंनी पदर खोचला. त्यांना काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. "खिडक्या लावलेल्या, थंडीत माश्या न्हाईत, मुंग्या न्हाईत. खाणार काय ते? तुझ्या डब्यात सुकट ऱ्हायची, रोज ऱ्हायची. टाकू का मी अन्न? म्हटलं, किडे खातंय, तर सुकट बी खाईल. त्याचंच गणगोत ते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्याचं बी माणूस गेलंय न्हवं गं. घास नगं का द्यायला?"

शंकररावांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. काचेवर काही नव्हतं.

करुणा खाली बसली. डॉक्टरांच्या समोर ताठ होऊन 'माझ्या घरी सुकट नाही' म्हटलेलं तिला आठवलं, आणि तिला हसू आलं. ते बरंच लांबलं, मध्येच त्याचा आवाज बदलला, आणि पार्वतीबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला तरी थांबलं नाही. बीकरनं जेवण चालू ठेवलं.

मग तिनं डोळे पुसले आणि झाड उचलायला घेतलं. मुळांचा गोळा आख्खा होता. कुंडीला तडा गेला नव्हता. तिनं ती उपडी केली आणि तळाला एक लेबल दिसलं, मेणकागद लावून चिकटवलेलं, पाणी लागू नये म्हणून. मुळं हलवू नयेत म्हणून दोन महिने तिनं कुंडी कधी उपडी केलीच नव्हती. गोल 'म'चं अक्षर होतं.

'बीकरने झाड खाल्ले. पहिल्यांदा २ मार्च, दुसऱ्यांदा १९ जून. निरीक्षण : बोक्याला एक उलटी, नंतर ठीक. झाडाला तीन आठवड्यांनी नवे पान, ठीक. दोघांनाही खायला घालू नये व रागावू नये.'

खाली सही होती. सहीवर जांभळा, पुसट, गोल शिक्का होता, 'प्रयोगशाळा विभाग' असा. निवृत्त होताना आबांनी शिक्का परत केला नव्हता, हेही आजच कळलं. म्हणजे खोटं एक आणि शिक्का एक.

शंकररावांनी कुंडी दोन्ही हातांनी घेतली, उजेडाला धरली आणि मोठ्यानं वाचली. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"सही हाय," ते म्हणाले. "तारखा हायेत. दोन-दोन. शिक्का बी हाय." त्यांनी कुंडी परत दिली. "मग ह्ये आधी का न्हाई दाखवलं मॅडम? उगा चार हापिसं फिरला."

ते खाली गेले. जिन्यात कोणाला तरी सांगताना त्यांचा आवाज आला, "कागद मिळाला. शासकीय हाय."

पार्वतीबाईंनी फरशी पुसली. करुणानं झाड पुन्हा कुंडीत बसवलं, शेवटच्या कॅनमधला पाऊस घातला. आबांच्या पेटीतून लेबलांचं पाकीट काढलं, पेन काढलं, आणि लिहिलं : 'तिसऱ्यांदा, जानेवारी. कारण : सुकट. बोका ठीक. झाड ठीक होईल.' अक्षर आबांइतकं गोल आलं नाही. डिंकाची बाटली खणात होती. ती कुठे आहे ते तिला माहीतच होतं.

"आन् तुझं?" पार्वतीबाई तिच्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना वाचता येत होतं, पण त्या सावकाश वाचत. "ह्यात तुझं न्हाई लिव्हलं."

करुणानं पेन तसंच धरून ठेवलं. खिडकीबाहेर स्टेशनाची घोषणा आली आणि विरली. कुठली गाडी ते याही वेळी कळलं नाही.

"मावशी, डब्यात काही उरलंय का?" ती म्हणाली.

भाकरी गार होती, थोडी वातड झालेली. सुकटीत लसूण जास्त होता. ती खिडकीत बसून खात राहिली, आणि ऊन तिच्या हातावरून, ताटावरून, बीकरच्या पाठीवरून सरकत सरकत घटपर्णीच्या उरलेल्या एका सुरईपर्यंत गेलं. पार्वतीबाई समोर बसून नखानं चादरीचे धागे काढत होत्या, जणू त्यांचं लक्षच नव्हतं.

डबा संपत आला. भाकरीचा शेवटचा तुकडा खाऊन झाला. तळाला दोन सुकट्या राहिल्या होत्या. करुणानं त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. एक खाल्ली. दुसरी तशीच ठेवली, झाकण लावलं, आणि डबा पार्वतीबाईंच्या हातात दिला.

पार्वतीबाईंनी सवयीनं तो कानाशी धरून हलवला. आत काहीतरी बारीक वाजलं.

"उद्या बाजरीची आणते," त्या म्हणाल्या.